आधी श्वास की आधी नाडी?



बोलायला सुरुवात करण्यापूर्वी एक छोटेसे काम सांगतो. डाव्या हाताचा तळवा वर करा आणि उजव्या हाताची तीन बोटे मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, हलकी टेकवा. लागली नाडी? आता घड्याळ समोर ठेवून एक मिनिटभर मोजा. मोठे माणूस स्वस्थ बसलेले असेल तर ठोके बहुधा सत्तर-ऐंशी भरतील. रोज शेतात राबणाऱ्या गड्याचे साठही भरतील. मांडीवरच्या तान्ह्या बाळाचे मोजाल तर शंभराच्या पुढे जातील. आणि आता एकदा उठून उभे राहा व पुन्हा मोजा. चार-दहा ठोके वाढलेले दिसतील. तुम्ही काही हुकूम सोडला नव्हता, तरी ठोके वाढले. मग ते कोणी वाढवले?

आपले वैद्य पिढ्यानपिढ्या नाडी पाहत आले. पण नाडी चालते कशी आणि ती चालवतो कोण, हा प्रश्न निराळा. तो सोडवताना जगभर पुष्कळ भांडणे झाली. त्यांतले एक मोठे भांडण थेट हैदराबादेत लढले गेले. हैदराबाद म्हणजे आपल्याला काही परके नव्हे. मंठ्याच्या परिसरातील म्हाताऱ्या माणसांना विचारा. आजचा जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी हा भाग परतूर तालुक्याबरोबर परभणी जिल्ह्यात होता, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत सारा मराठवाडाच निजामाच्या राज्यात होता. मंठ्याचा शेतसारा शेवटी ज्या खजिन्यात जाई, त्याच खजिन्यातून या प्रयोगांचा खर्च झाला. तेव्हा ही हकीकत आपल्या घरचीच समजायला हरकत नाही.

गोष्ट सुरू होते क्लोरोफॉर्मपासून. १८४७ सालच्या नोव्हेंबरात स्कॉटलंडातील एडिंबरा शहरी डॉक्टर जेम्स सिम्सन यांनी हे औषध स्वतः हुंगून पाहिले आणि लगेच रोग्यांना देऊ लागले. त्यापूर्वी पाय कापायचा झाला तर रोग्याला चार माणसांनी दाबून धरावे लागे. आता रुमालावर थोडेसे औषध ओतून नाकाशी धरले की माणूस झोपी जाई. लोकांना केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना करा. पण तो आनंद तीन महिनेही निर्वेध टिकला नाही. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या एका गावी हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी खुर्चीवर बसली. ती फार घाबरलेली होती, रडत होती. क्लोरोफॉर्म हुंगवले आणि दोन-तीन मिनिटांत ती गेली. साधे पायाचे नख काढायचे होते, श्रोतेहो!

पुढे असे मृत्यू अधूनमधून होतच राहिले. हजारो रोगी सुखरूप उठत आणि मध्येच एखादा धडधाकट तरुण टेबलावरच मरे. हे का होते, यावर डॉक्टरांत दोन तट पडले. एडिंबराचे शल्यवैद्य जेम्स साइम व त्यांचे शिष्य म्हणत, क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवते, हृदय मागाहून थांबते. म्हणून रोग्याच्या छातीकडे बघा, श्वासाचा आवाज ऐका, नाडीला हात लावायचे कारणच नाही. लंडनकडचे पुष्कळ डॉक्टर म्हणत, हृदय एकाएकी थांबू शकते. म्हणून बोट नाडीवरून काढू नका. हा वाद नुसता पंडिती नव्हता, हे लक्षात घ्या. श्वास आधी थांबत असेल तर औषध बाजूला करून, छाती दाबून, हवा भरून रोग्याला परत आणायला थोडा अवधी मिळतो. हृदय आधी थांबत असेल तर छातीकडे बघत बसलेल्या डॉक्टराला काय झाले हे कळेपर्यंत रोगी हातचा गेलेला असतो. चुकीच्या जागी नजर ठेवली तर माणूस मरतो, इतके ते सरळ होते.

आता हा वाद समजायचा तर हृदय काम कसे करते हे थोडे पाहिले पाहिजे. आपण बोलताना काळीज आणि हृदय एकच मानतो. काळीज धडधडते, काळजाचे पाणी होते. खाटकाकडे मात्र काळीज मागितले तर तो यकृत देतो. आपल्याला हवे आहे ते धडधडणारे. ते आहे आपल्या मुठीएवढे, छातीत मध्यभागी पण जरा डावीकडे कललेले, सारे स्नायूंचे.

विहिरीवरची मोट आता दिसत नाही, पण ती पाहिलेली माणसे अजून आहेत. ज्या विहिरीला पाणी चांगले, तिच्यावर दोन मोटा चालत. हृदय म्हणजे अशी दोन मोटांची विहीर. उजवी मोट सगळ्या अंगातून आलेले वापरलेले, काळपट रक्त फुप्फुसाकडे पाठवते. तेथे ते हवेने ताजे होते, लालभडक होते आणि डाव्या बाजूला येते. डावी मोट तेच रक्त डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळीकडे धाडते. प्रत्येक बाजूला दोन कप्पे असतात. वरचा कप्पा रक्त जमा करतो, त्याला शाळेच्या पुस्तकात अलिंद म्हणतात. खालचा जोराने ढकलतो, तो निलय. मध्ये झडपा असतात. त्या एकाच बाजूला उघडतात, म्हणून रक्त मागे फिरत नाही. डॉक्टर छातीला नळी लावून जो लब्-डब् आवाज ऐकतात, तो या झडपा मिटण्याचा. एका ठोक्याला सुमारे सत्तर मिलिलिटर, म्हणजे लहान कपभर चहाएवढे रक्त निघते. थोडे वाटते ना? पण मिनिटाला सत्तर ठोके धरले तर ते पाच लिटर होते, आणि चोवीस तासांत सात हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याचा टँकर येतो, त्यातल्या एखाद्या टँकरएवढे काम ही मूठ रोज करते. मोटेचे बैल दुपारी सोडतात, याला सुट्टी नाही. मात्र एक खरे, दोन ठोक्यांच्या मधला जो क्षण, तोच त्याचा विसावा. ठोके फार वाढले की हा विसावाच कमी होतो आणि मोट पुरती भरायच्या आधीच ओढली जाते.

मोटेला बैल लागतो आणि बैलाला हाकणारा लागतो. हृदयाला हाकणारा कोण? पुष्कळ लोकांना वाटते, मेंदू. पण तसे नाही. बेडकाचे हृदय छातीतून काढून मिठाच्या पाण्यात ठेवले तर ते कितीतरी वेळ उडत राहते. मेंदू नाही, नस जोडलेली नाही, तरी ठोके चालूच. जुन्या काळी गॅलेन नावाच्या वैद्याने हे पाहून लिहून ठेवले होते. म्हणजे हा बैल स्वतःच चालणारा आहे. त्याला चालवावे लागत नाही.

मग मेंदूचे काम काय? कासरा धरण्याचे. १८४५ साली जर्मनीतील एर्न्स्ट आणि एडुआर्ड वेबर या दोघा भावांनी एक विलक्षण गोष्ट जाहीर केली. मेंदूच्या तळातून निघून मानेतून खाली उतरणारा एक लांब मज्जातंतू आहे, व्हेगस नावाचा. त्याला विजेचा झटका दिला की हृदय जोराने न धडधडता उलट मंद होते, आणि झटका मोठा असेल तर चक्क थांबते. त्या काळच्या विद्वानांना हे पटेना. नस डिवचली की स्नायू आखडतो, एवढेच तोवर ठाऊक होते. येथे नस डिवचली आणि स्नायू गप्प बसला! पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत उलट काम करणाऱ्या नसाही सापडल्या. त्या पाठीच्या कण्याजवळून येतात आणि हृदयाला पळवतात. त्यांना अनुकंपी म्हणतात. म्हणजे एकीकडे ओढून धरणारा कासरा आणि दुसरीकडे आसूड. दोन्ही मेंदूच्या तळाशी बसलेल्या हाकणाऱ्याच्या हातात.

आपण उभे राहिलो तेव्हा ठोके का वाढले, ते आता सांगता येईल. उभे राहताच थोडे रक्त पायांत उतरते. मानेतल्या मोठ्या धमन्यांत रक्ताचा दाब ओळखणाऱ्या जागा असतात, त्यांना दाब उतरल्याचे कळते. ती खबर मेंदूच्या तळाशी जाते, कासरा सैल होतो, आसूड जरा वाजतो आणि ठोके वाढतात. हे सगळे आपले धोतर सावरून होईपर्यंत उरकलेले असते. आणि रक्त पाहून एखाद्याला भोवळ येते ना, तेव्हा नेमके उलटे होते. कासरा एकदम ओढला जातो, नाडी मंदावते, अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, मेंदूला रक्त कमी पडते आणि गडी आडवा होतो. आडवा झाला की डोक्याला रक्त मिळते आणि तो उठून बसतो. म्हणून भोवळ आलेल्याला धरून उभे करू नये, निजवावे.

आता हैदराबादेला जाऊ.

१८८५ साली तेथे एडवर्ड लॉरी नावाचे इंग्रज शल्यवैद्य रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुखही तेच झाले. एडिंबराला ते साइमसाहेबांच्या हाताखाली शिकलेले, आणि गुरूवर त्यांची अढळ निष्ठा. नाडीकडे बघायचे नाही, श्वासाकडे बघायचे, हे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना पाठ करून दिले. अफझलगंजच्या दवाखान्यात त्यांच्या देखरेखीखाली हजारो रोग्यांना क्लोरोफॉर्म दिले गेले, आणि ही पद्धत निर्धोक आहे असे ते छातीठोकपणे सांगत. त्यांच्या विद्यार्थ्यांत रूपाबाई फर्दुनजी नावाच्या एक पारशी बाई होत्या. १८८५ साली त्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या, १८८९ साली हकीम ही पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुढे कित्येक वर्षे भूल देण्याचेच काम करत राहिल्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. ज्या काळात आपल्याकडे मुलीला पाटीवर ग-म-भ-न काढायला बसवणे अवघड होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. लॉरीसाहेबांच्या मतांत दोष असतील, पण हे श्रेय त्यांच्या शाळेला दिलेच पाहिजे.

लॉरीसाहेबांनी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून पैसा मंजूर करून घेऊन १८८८ साली एक कमिशन नेमवले. शंभरावर कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन मारले आणि पाहिले. निकाल असा निघाला की प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला, हृदय नंतर. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने या निकालावर विश्वास ठेवला नाही. तेव्हा लॉरीसाहेबांनी जे केले ते खरोखर मोठ्या मनाचे म्हणावे लागेल. निजाम सरकारकडून त्यांनी लॅन्सेटला एक हजार पौंड देऊ केले आणि सांगितले, तुमच्या विश्वासातला माणूस पाठवा, त्याच्या डोळ्यांदेखत सगळे पुन्हा करू. लॅन्सेटने पाठवले लॉडर ब्रंटन यांना. ब्रंटन म्हणजे लहान माणूस नव्हे. छातीत कळ येणाऱ्या रोग्याला अमिल नायट्राइट हुंगवून आराम पडतो, हे १८६७ साली त्यांनीच दाखवले होते. आणि विशेष म्हणजे ते आले तेव्हा विरुद्ध मताचे होते. हृदय थांबण्याचा धोका असतो, असेच ते मानत.

१८८९ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत हे दुसरे कमिशन बसले. लॉरी, ब्रंटन, बॉमफर्ड आणि हैदराबादचे रुस्तमजी असे चौघे सभासद. या वेळी नुसते डोळ्यांनी पाहणे नव्हते. जनावराच्या धमनीला नळी जोडायची, तिच्यातून रक्ताचा दाब लेखणीपर्यंत पोचवायचा, आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर ती लेखणी रेघ ओढत जाई. दाब चढला की रेघ वर, उतरला की खाली, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची बारीक लाट त्या रेघेवर उमटे. कुत्री, माकडे, घोडे, बकऱ्या, मांजरे, ससे मिळून चारशेंहून अधिक जनावरे त्या दोन-तीन महिन्यांत कामी आली. ऐकायला बरे वाटत नाही, आणि तेव्हाही विलायतेत यावर टीका करणारे होतेच.

ब्रंटनसाहेबांचे मत बदलले. त्यांनी लॅन्सेटला तारेने कळवले की धोका गुदमरण्याचा आणि जास्त मात्रेचा आहे, हृदयावर थेट धोका मुळीच नाही. विरुद्ध पक्षाचा पंचच फिरला म्हटल्यावर लॉरीसाहेबांना केवढा विजय वाटला असेल! लॅन्सेटमध्ये १८९० साली सगळा अहवाल छापून आला आणि हैदराबादचे नाव जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी झाले.

या अहवालातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. क्लोरोफॉर्म चालू असताना त्यांनी व्हेगस नस डिवचून पाहिली. हृदय थांबले. मग डिवचणे चालूच ठेवले, तरी थोड्या वेळाने हृदय आपल्या आपण पुन्हा सुरू झाले! कासरा कितीही ओढला तरी हा बैल कायमचा बसत नाही, थोड्याच वेळात हिसका देऊन चालू लागतो. कमिशनने तर याच्याही पुढे जाऊन म्हटले की असे मंदावणे हे संकट नसून संरक्षण आहे, कारण हृदय थांबले असताना औषध अंगात पुढे पसरत नाही. यातले निरीक्षण अगदी खरे होते. निरोगी जनावर नुसत्या व्हेगसच्या ओढीने बहुधा मरत नाही, हे आजही मानले जाते.

मग चूक कोठे झाली?

चूक ही की, त्यांनी जे पाहिले त्यापेक्षा जास्त सांगितले. बहुतेक प्रयोगांत जनावराला भरपूर क्लोरोफॉर्म देऊन ते कसे मरते हे पाहिले होते. भरपूर मात्रेने मरणारा प्राणी श्वास आधी सोडतो, हे खरेच. पण हॅना ग्रीनरला भरपूर मात्रा मिळाली कोठे होती? ती तर दोन-तीन मिनिटांतच गेली. जे मृत्यू डॉक्टरांना सर्वांत जास्त छळत होते ते सुरुवातीलाच, अर्धवट गुंगीत होत. ते प्रयोगात आले नाहीत, आणि प्रयोगात आले नाहीत म्हणून ते होतच नाहीत असा निर्वाळा दिला गेला. आपल्या शिवारात पाऊस पडला नाही म्हणजे कोठेच पडला नाही, असे म्हणण्यासारखे ते होते.

लगेचच एक धक्का बसला. रक्ताचा दाब उतरतो तो मेंदूवरच्या परिणामामुळे, हृदयावर काही होत नाही, असे लॉरीसाहेब म्हणत. १८९३ साली केंब्रिजचे गॅस्केल आणि शोर यांनी दोन जनावरांचे रक्ताभिसरण एकमेकांस असे जोडले की क्लोरोफॉर्मचे रक्त एकदा फक्त मेंदूला मिळावे आणि एकदा फक्त हृदयाला. मेंदूला दिले तेव्हा दाब उतरला नाही. हृदयाला दिले तेव्हा उतरला. म्हणजे क्लोरोफॉर्म हृदयाच्या स्नायूलाच ढिले करते. लॉरीसाहेबांनी हे मानले नाही. पुढे ते निवृत्त होऊन विलायतेला गेले, तरी आपले मत त्यांनी सोडले नाही.

खरा उलगडा व्हायला १९११ साल उजाडावे लागले. गुडमन लेव्ही या लंडनच्या डॉक्टरांनी मांजरांना हलकीच गुंगी आणली आणि त्या स्थितीत त्यांना अड्रिनालिन टोचले. हृदय एकाएकी थरथरू लागले आणि मांजर मेले. नुसत्या हलक्या क्लोरोफॉर्मने एरवी मरत नव्हते, नुसत्या अड्रिनालिननेही मरत नव्हते. दोन्ही एकत्र आले की घात होई.

ही थरथर म्हणजे काय, ते सांगतो. आपल्या काळ्या रानात पूर्वी जड नांगराला चार-चार, सहा-सहा बैलजोड्या लावत. सगळे एकदम ओढतील तर नांगर चालतो. समजा, प्रत्येक बैल आपापल्या मनाने, आपापल्या वेळी ओढू लागला. बैल घामाघूम होतील, नांगर तसूभर हलणार नाही. हृदयाच्या स्नायूंचे तंतू असेच एकमेकांशी फटकून वळवळू लागले की स्नायू काम करत असतो, पण रक्ताचा एक थेंब पुढे जात नाही. नाडी तत्क्षणी जाते. श्वास मात्र आणखी काही वेळ चालू राहतो. म्हणजे छातीकडे बघत बसलेल्या डॉक्टराला वाटणार, सगळे ठीक आहे!

आणि अड्रिनालिन बाहेरून टोचायलाच लागते असे नाही. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी आहेत. भीती वाटली, दुखले, संताप आला की त्या हाच रस रक्तात सोडतात. छातीत धस्स होते म्हणतो आपण, त्यात अनुकंपी नसांबरोबर या रसाचाही हात असतो. घाबरलेला रोगी, अर्धवट गुंगी आणि त्यात सुरी लागली. बैलाच्या पाठीवर आसूड फुटतच होता, आणि क्लोरोफॉर्मने बैलाला असा काही भेदरट करून ठेवला होता की आसूड बसताच तो उधळला. हॅना ग्रीनर रडत होती, हे त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवले होते. त्याचा अर्थ लागायला त्रेसष्ट वर्षे गेली. १८८९ साली अड्रिनालिन कोणाला ठाऊकच नव्हते, तेव्हा हैदराबादच्या मंडळींना ते न सापडल्याचा दोष मी देणार नाही. नाडीला हात लावूच नका, या आग्रहाचा दोष मात्र देईन. बोट नाडीवर ठेवायला पैसा लागत नव्हता.

तरी त्यांच्या शिकवणीतला अर्धा भाग खोटा नव्हता. श्वासाकडे सतत लक्ष द्या, जिभेने घसा बंद होऊ देऊ नका, हनुवटी वर उचलून धरा, हे आजही भूल देणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात. क्लोरोफॉर्म स्वतः मात्र गेले. हृदयाला आणि यकृताला ते घातक ठरले, बरी औषधे आली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर भुलीसाठी त्याचा वापर बंद होत गेला. आता शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी पडद्यावर ठोक्यांची रेघ आणि श्वासाची रेघ एकाखाली एक धावत असतात. आधी श्वास की आधी नाडी, हा प्रश्नच उरला नाही. दोन्हींवर नजर.

इकडे हे भांडण चालू असताना दुसरीकडे आणखी एक शोध लागला. बैल स्वतः चालतो हे ठाऊक होते, पण चालण्याची ऊर्मी हृदयात नेमकी निघते कोठून? १९०६ सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडातील केंट परगण्यातल्या एका खेड्यात आर्थर कीथ हे शरीरशास्त्रज्ञ राहत होते. मार्टिन फ्लॅक हा त्यांचा तरुण मदतनीस निरनिराळ्या प्राण्यांची हृदये सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असे. एक दिवस कीथ सायकलीवरून फेरफटका मारून परतले, तो फ्लॅक उत्साहाने काहीतरी दाखवू लागला. जमीन उकरून राहणाऱ्या, चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या एका छोट्या प्राण्याच्या हृदयात, उजव्या वरच्या कप्प्याशी, त्याला एक निराळाच पुंजका दिसला होता. तोच ठोक्यांचा उगम निघाला. १९०७ साली त्यांनी तो छापून प्रसिद्ध केला. तेथून विजेची बारीकशी लहर निघते, आधी वरच्या कप्प्यांत पसरते, मध्ये क्षणभर थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत जाते. म्हणून आधी वरचे आणि मग खालचे कप्पे आवळतात. आता मौज पाहा. या पुंजक्याला मोकळे सोडले तर तो मिनिटाला सुमारे शंभर ठोके देतो. आपली नाडी तर सत्तरच भरली होती. म्हणजे आपण स्वस्थ बसतो तेव्हा हृदय मुळात संथ चालते असे नव्हे. व्हेगसचा कासरा सारखा ओढून धरलेला असतो, म्हणून ते संथ चालते.

कासरा ओढतो म्हणजे तरी काय करतो, हे १९२१ साली ऑस्ट्रियात ओटो लोवी यांनी दाखवले. बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नस डिवचून त्यांनी ते मंद केले, आणि ज्या पाण्यात ते हृदय होते ते पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्याची नस कोणी डिवचली नव्हती, तरी तेही मंद झाले. नस एक रस सोडते आणि त्या रसाने काम होते, हे त्यावरून कळले. त्यासाठी १९३६ साली लोवी व इंग्लंडचे हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या सर्वांचा पडताळा माणसात पाहायला मिळाला तो हृदय बदलण्याच्या शस्त्रक्रियेत. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर १९६७ मध्ये बर्नार्ड यांनी पहिली केली आणि लगेच फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांनी आपल्या देशातली पहिली केली. तो रोगी काही तासच जगला. परंतु आज अशा शस्त्रक्रियेनंतर माणसे वर्षानुवर्षे जगतात, आणि त्यांची नाडी पाहण्यासारखी असते. हृदय काढताना नसा तुटतात. कासराही नाही, आसूडही नाही. तरी नवे हृदय आपल्या पुंजक्यावर चालू राहते आणि माणूस स्वस्थ बसलेला असला तरी मिनिटाला नव्वद ते एकशेदहा ठोके देते. तो जिना चढू लागला तर त्याचे ठोके आपल्यासारखे चटकन वाढत नाहीत. रक्तातून अड्रिनालिन पोचेपर्यंत काही मिनिटे जातात, तेव्हा कुठे वाढतात. थांबला तरी लगेच उतरत नाहीत.

शिक्षकांसाठी थोडे सांगून पुरे करतो. गुरुजी, या धड्याला प्रयोगशाळा लागत नाही. वर्गात एक सेकंदकाटा असलेले घड्याळ असले की झाले. मुलांच्या जोड्या करा. एकाने दुसऱ्याची नाडी धरावी, पण अंगठ्याने नव्हे, बोटांनी. अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते आणि मोजणी फसते. निजून एक मिनिट, बसून एक मिनिट, उभे राहून एक मिनिट अशी मोजा आणि फळ्यावर मांडा. मग मैदानाला एक फेरी मारून या आणि लगेच मोजा, आणि पुढे दर मिनिटाला मोजत राहा, मूळ आकड्यावर येईपर्यंत. पळताना आसूड आणि थांबल्यावर कासरा, दोन्ही मुलांना आकड्यांत दिसतील. कोणाची नाडी लवकर खाली येते तेही पाहा. रोज शेतातून चालत येणारी पोरे बहुधा येथे बाजी मारतात.

आणि मुलांना आणखी हौस असेल तर घरच्या बैलाची नाडीही मोजू द्या. जनावरांचे डॉक्टर ती शेपटीच्या खालच्या बाजूला, शेपटीच्या मुळापासून थोड्या अंतरावर पाहतात. मोठ्या बैलाची मिनिटाला साधारण पन्नास ते ऐंशीच्या दरम्यान भरते. फक्त बैल ओळखीचा हवा, सावलीत बांधलेला हवा, आणि बापाला शेजारी उभे करून मगच शेपटीला हात लावायचा.